पितृपक्षात आलेलं खोकं

आमच्या घरात पितृपक्षात सुईसुद्धा विकत आणत नाहीत. एका वर्षी माझ्या ब्लाउजचं हुक तुटलं, तेव्हा आईने मला सेफ्टी पिन लावून कामावर पाठवलं होतं, कारण घरात हुक शिल्लक नव्हतं आणि नवं हुक म्हणजे खरेदी. दूध, भाजी आणि औषध चालतं. मोबाइलचा रिचार्ज चालतो, मोबाइल चालत नाही. हा कायदा कुठे लिहिलेला नाही. तो आईच्या डोक्यात आहे आणि त्यात दुरुस्ती करायचा अधिकारही तिचाच आहे.

अशा घरात, नेमक्या त्या पंधरवड्यात, चीनमधून निघालेला सत्तावीस इंची मॉनिटर येऊन फाटकाशी उभा राहिला.

यात माझा काडीचाही दोष नव्हता, हे आधीच सांगून टाकते. पण मुळात मॉनिटर लागला कशाला, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मी नागपुरात सदरमधल्या एका फोटो स्टुडिओचं काम घरून करते. फाटलेले, पिवळे पडलेले, बुरशी लागलेले फोटो साफ करायचे आणि भिंतीवर लावण्याजोगे मोठे करायचे, हे माझं काम. कुणी लग्नाच्या गर्दीतला मामा आणतं, कुणी ओळखपत्रावरचा सासरा. माणूस जिवंत असताना त्याचा एक धड फोटो काढावा असं कुणाला सुचत नाही आणि तेराव्याच्या आधी मात्र सगळ्यांच्या अंगात येतं. मी मिशा जुळवते, कॉलर शिवते, पाठीमागची म्हैस काढून तिथे आभाळ लावते. इतक्या वर्षांत मी लोकांचे किती बाप स्वच्छ केले असतील, देव जाणे. माझा स्वतःचा बाप मात्र मी कधी पाहिला नव्हता.

बाबा कुहीजवळच्या एका गावात धानाच्या गिरणीत कामाला होते. मी रांगत होते तेव्हा तापाने गेले. दादा तेव्हा शाळेत जायला लागला होता, त्यामुळे बाबा कसे दिसायचे याची सगळी मक्तेदारी त्याच्याकडे. 'मी बाबांवर गेलो, तू आईवर गेलीस,' हे त्याने लहानपणापासून मला इतक्या वेळा ऐकवलं आहे की ते मला पाढ्यासारखं पाठ आहे. आई-बाबांच्या लग्नाचा एकच फोटो होता, तो वाळवीने खाल्ला. आईकडे दाखवायला दुसरं काहीच उरलं नव्हतं.

मग गेल्या उन्हाळ्यात गावाकडच्या काकूने ट्रंक आवरताना एक फोटो काढून मला दिला. काकाच्या लग्नातला, काळा-पांढरा. अंगणात वीसेक पुरुष दोन रांगांत उभे, सगळे फोटोवाल्याकडे डोळे वटारून पाहताहेत, जणू तो जप्तीच आणतोय. मागच्या रांगेत डावीकडून तिसरे बाबा, असं काकू म्हणाली. चेहरा तुरीच्या डाळीएवढा. तोंडाच्या जागी काळा डाग आणि केसांवर, गालावर, खांद्यावर पांढरे ठिपके. बाकीच्या फोटोला काही झालं नव्हतं. बुरशीला खायला तेवढे माझेच बाबा सापडले होते.

आणि आईकडे वेळ कमी होता. तिला काचबिंदू आहे. धंतोलीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंब टाकून टिकवायची, आणि तीही किती टिकेल ते सांगता येत नाही. तिला समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. बांगडीतून पाहावं तसं. ताटातली भाकर दिसते, पण बाजूची वाटी हाताने चाचपावी लागते, आणि ती बांगडी दरवर्षी थोडी लहान होते. त्या दिवशी दवाखान्यातून परतताना ऑटोत ती म्हणाली, "मले दिसते तोवर एकदा त्यायचं तोंड दाखव वं. मंग काही म्हणत नाही."

'मंग काही म्हणत नाही' हे खोटं होतं, कारण आई आयुष्यभर काही ना काही म्हणतच आली आहे. पण पहिलं वाक्य खरं होतं आणि ते माझ्या छातीत जाऊन बसलं. दुसऱ्यांचे सासरे उजळ करण्यात हयात गेली आणि आपल्या आईला तिचा नवरा दाखवता येत नाही, याची मला लाज वाटली.

दादाने आधी हात मारून पाहिला. त्याच्या मोबाइलमध्ये कसलंसं अॅप आहे, त्यात फोटो टाकला की चेहरा आपोआप स्पष्ट होतो. झाला. साबणाच्या जाहिरातीत शोभेल असा एक गडी तयार झाला, धारदार नाक, रेखीव जबडा, पाणीदार डोळे. दादा छाती फुगवून आला. आईने मोबाइल नाकापाशी धरून नीट पाहिला आणि विचारलं, "हा कोण होय?"

"बाबा होय ना."

"याच्यासोबत संसार केला असता तं मले आठवलं असतं," आई म्हणाली आणि मोबाइल परत दिला.

मी तेव्हा फार हसले, पण माझी अवस्थाही काही वेगळी नव्हती. ते यंत्र जे दिसत नाही ते मनाने भरतं. मी मनाने भरत नाही. जे फोटोत आहे तेवढंच वर काढायचं, हा माझा धंद्याचा नियम. पण वर काढण्यासाठी आधी दिसायला तर हवं. माझा मॉनिटर म्हणजे स्टुडिओने टाकून दिलेला जुना डब्बा. त्याला गडद राखाडी आणि काळा यांतला फरक कळायचा नाही. फोटो मोठा करावा तर नुसता काळा-पांढरा चिखल आणि लहान करावा तर पुन्हा तीच तुरीची डाळ. महिनोन्‌महिने मी त्या डाळीपुढे बसून होते. दोनदा तर ते पांढरे ठिपके पुसून टाकावेत म्हणून हात उचलला, पण ठिपक्यांखालचा गाल कसा आहे तेच माहीत नव्हतं. मग तिथे काय लावणार? पुन्हा साबणवालाच.

आमच्या वरच्या मजल्यावर माझी मैत्रीण राहते. धंतोलीतल्या एका इस्पितळात ती एक्स-रे काढते. एकदा चहा घ्यायला खाली आली, माझ्या खांद्यावरून बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "फोटोत काही नाही असं नाही वं. तुह्या डब्ब्याले दिसून नाही राहिलं." त्यांच्याकडे म्हणे हाडाची केसाएवढी चीर साध्या स्क्रीनवर दिसत नाही, चांगल्या स्क्रीनवर लगेच दिसते. हाड तेच, एक्स-रेही तोच.

हे माझ्या डोक्यात असं घुसलं की मी दुसऱ्याच दिवशी सदरमधली दुकानं पालथी घातली. तसे मॉनिटर होते. किंमत ऐकली आणि दुकानदाराने पुढे केलेली खुर्ची मी परत सरकवून ठेवली. मग घरी येऊन इंटरनेटवर शोधायला बसले. तिथे तसाच एक सापडला, फोर-के, परदेशातल्या विक्रेत्याचा, कुणी नावही ऐकलं नसेल अशा कंपनीचा आणि सदरच्या किमतीच्या निम्म्याहूनही कमी.

आता नागपुरात ओळखीच्या माणसाशिवाय कुणी कुलूपसुद्धा घेत नाही. तो ओळखीचा माणूस आपल्यालाच जास्त लावतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण तो आपला असतो. दादाला सांगितलं तर तो भडकलाच.

"सदरमधी आपला माणूस हाये, त्याले सोडून तू चीनले चालली? डब्ब्यात वीट येईन, वीट."

"तुहा माणूस निम्म्यात देते का?"

"निम्म्यात कोणी काहून देईन? काही तं बिघडलं असन त्यात."

मी आठवडाभर दुसरं काही केलं नाही. ज्यांनी आधी घेतला त्यांचे अभिप्राय वाचत बसले. चांगले अभिप्राय मी वाचतच नाही, चांगलं कुणीही लिहितं. शिव्या तेवढ्या वाचल्या. कुणी म्हणे खोकं दबलेलं आलं, कुणी म्हणे स्टँड हलतो, कुणी म्हणे मेनू चिनी भाषेत आहे. पण चित्र वाईट आहे असं एकानेही म्हटलं नव्हतं. माल हातात पडल्यापासून आठवडाभरात उघडून पाहायचा, उघडतानाचा व्हिडिओ काढायचा, बिघाड असेल तर परत, अशी अट होती. महालक्ष्म्या बसायच्या आधी मी पैसे भरून मोकळी झाले. पोचायचा अंदाज दसऱ्याच्या आगेमागे दाखवत होता. म्हणजे पितृपक्ष आरामात पार पडतो, घट बसतात, मग खोकं येतं. माझा हिशेब असा चोख होता.

बाजारात तुरी तशी गत. त्या विक्रेत्याला कसली दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, त्याने माल हवेतून धाडला. कस्टमवाल्यांनी अडकवू नये म्हणून मी देवाला दिवा लावत होते, त्यांनी हातसुद्धा लावला नाही. जी गोष्ट आयुष्यात कधी वेळेवर झाली नाही ती नेमकी वेळेआधी झाली. पितृपक्ष नुकताच लागला होता आणि फाटकाशी गाडी थांबली.

आई ओट्यावर बसून कोथिंबीर निवडत होती. तिला खोकं दिसलं नाही, ते तिच्या बांगडीच्या बाहेर होतं. पण माणूस माझं नाव घेऊन पार्सल म्हणाला ते तिला ऐकू गेलं.

"काय होय ते?"

"मॉनिटर."

"नवा?"

मी म्हटलं, "आई, पैसे महालक्ष्म्यांच्या आधीच देल्ले आहेत. खरेदी तवाच झाली."

आईने यावर विचार केला. तिचा एक गुण मान्य करायला हवा, मुद्दा कायद्याचा असला तर ती ऐकून घेते. "खरेदी झाली असन," ती म्हणाली. "पण नवी वस्तू उंबरठ्याच्या आत येईन ती घटालेच."

"अन् तोवर?"

"तोवर भाहेर."

बाहेर म्हणजे कुठे? फाटकात? भाद्रपदातला पाऊस अजून पडत होता. आणि आठवड्याच्या आत उघडलं नाही तर परत करायची मुदत संपणार होती. आत काचेचा चुरा निघाला असता तरी चीनवाला हात झटकून मोकळा, आणि दुसरा मॉनिटर घेण्याइतकी माझी ऐपत नव्हती. म्हणजे बाबांचा चेहरा गेलाच. मला रडू यायला लागलं आणि रडू आलं की मला राग येतो. मी आईला म्हटलं, "कोणासाठी मागवलं हे? पितरासाठीच ना? अन् पितराच्याच दिवसात त्यायले दारात उभं करतं?"

आई कोथिंबिरीची काडी मोडत राहिली. ती चूक आहे असं तिला वाटत नव्हतं आणि मी चूक आहे असंही तिला वाटत नव्हतं, हे मला तिच्या हातावरून कळत होतं. पार्सलवाला एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होता.

तेवढ्यात मैत्रीण जिन्यावरून उतरली. ती ड्यूटीवर निघाली होती, हातात डबा होता. तिने सगळं ऐकलं होतं, आमच्या घरातलं बोलणं वर सगळं ऐकू जातं.

"काकू," ती म्हणाली, "पितर तुमच्याकडं. आमच्याकडं कुठं आहेत? आमच्या आज्यानं दीक्षा घेतली तवाच हे सगळं सुटलं. वरतं नेऊ द्या ना मले."

आईने मान तिच्याकडे वळवली, ती बांगडीत येईपर्यंत. "अन् उघडशीन?"

"उघडीन."

"मंग ते तुहं झालं."

"घट बसेपर्यंत माहं. मंग तुमचं."

"अन् बिघडलेलं निघालं तं?"

"तं चीनचं," मैत्रीण म्हणाली.

आई हसली. आईने हसणं म्हणजे सही झाली. मी पार्सलवाल्याच्या हातातून खोकं घेतलं आणि आमच्या उंबरठ्याला पाय न लावता बाहेरच्या जिन्याने थेट वर गेले. एकाच इमारतीत खाली पितृपक्ष होता आणि चौदा पायऱ्यांवर नव्हता. नागपुरात राहण्याचे फायदे असतात ते असे.

मैत्रीण ड्यूटीवरून परत आल्यावर आम्ही खोकं उघडायला घेतलं. तिच्या जेवणाच्या टेबलावरचं सगळं उचललं. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली ताजी फुलं. ती व्हिडिओ काढत होती, मी चिकटपट्टी कापत होते आणि दादा त्याच्या घरून व्हिडिओ कॉलवर वीट पाहायला हजर होता. एकामागून एक थर्माकोल निघाला. शेवटी काळा, सपाट, माझ्या दोन्ही हातांत न मावणारा मॉनिटर निघाला.

"वीट नाही?" दादाने विचारलं. त्याचा आवाज जरासा पडलाच होता.

"नाही."

"खाली पाह्य."

खाली फक्त वायर होती. पण वायरचं टोक तिकडचं, आपल्या सॉकेटमध्ये न बसणारं. कोपऱ्यावरच्या दुकानातून जोडपिन आणायला हवी होती. मी पर्स उचलली आणि थबकले. पिन म्हणजे खरेदी. मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं, चपला घातल्या आणि स्वतः जाऊन पिन घेऊन आली. तिने माझे पैसेही घेतले नाहीत. म्हणाली, घटानंतर दे.

माझा कॉम्प्युटर मी आधीच वर आणून ठेवला होता. जुनी वस्तू उंबरठ्याबाहेर न्यायला आईच्या कायद्यात मनाई नाही. बटण दाबलं. मेनू शिव्या देणाऱ्यांनी लिहिल्याप्रमाणे खरंच चिनी निघाला. मैत्रीण मोबाइलचा कॅमेरा त्यावर धरून भाषांतर वाचायची आणि मी खालची बटणं दाबायची. एका ठिकाणी 'डोळ्यांवर प्रेम' असं काहीतरी आलं, ते आम्ही चालूच ठेवलं. मग पडदा आधी पूर्ण पांढरा केला, मग काळा, मग लाल, बिघाड तपासायला. उजवीकडे अगदी खालच्या कोपऱ्यात एक ठिपका मेलेला होता. पांढऱ्यावर काळा, मोहरीहूनही लहान.

"परत करायचा?" मैत्रिणीने विचारलं.

परत करायचा म्हणजे पुन्हा चीन, पुन्हा कस्टम, पुन्हा वाट पाहणं. मी म्हटलं, आधी फोटो लावून पाहू.

स्टुडिओतल्या मोठ्या मशीनवर तो फोटो मी कधीच स्कॅन करून ठेवला होता. तो उघडला. अख्खं अंगण एकदम पडद्यावर आलं, मांडवाच्या खांबापासून पुढच्या रांगेतल्यांच्या अनवाणी पायांपर्यंत. मला कधी कळलंच नव्हतं की तिथे एक कोंबडीपण आहे. मग मी हळूहळू मागच्या रांगेकडे, डावीकडून तिसऱ्याकडे गेले. या वेळी चिखल आला नाही. चेहरा आला.

तोंडाच्या जागचा काळा डाग हा डाग नव्हताच. ते उघडं तोंड होतं. माझ्या डब्ब्याने ज्याला एकच काळं मानलं होतं, त्यात इथे मिशी वेगळी, मिशीची सावली वेगळी, दात वेगळे दिसत होते. वीस माणसं डोळे वटारून उभी होती आणि त्यांच्यात माझा बाप एकटा हसत होता. कॅमेऱ्याकडे न पाहता, डावीकडे, फोटोच्या बाहेर कुठेतरी पाहत हसत होता. हसताना एकच गाल वर गेला होता.

मैत्रिणीने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "वं, ही तं तू होय," ती म्हणाली.

मी कॉलवर असलेल्या दादाला मोबाइल पडद्यापुढे धरून दाखवलं. तो म्हणाला, नाक माझ्यासारखं वाटते. मी म्हटलं, नाक तू ठेव. सगळ्या जन्मात मी इतकी खूश कधी झाले नव्हते. आयुष्यभर पाठ केलेला पाढा चुकीचा निघाला होता आणि तो चुकीचा आहे हे चारचौघांत सिद्ध झालं होतं.

मग मी ठिपक्यांकडे वळले. बुरशी मी आयुष्यभर साफ केली आहे, तिला मी झोपेतही ओळखेन. ही बुरशी नव्हती. प्रत्येक ठिपका लांबट होता आणि प्रत्येकाच्या खाली बारीकशी सावली होती. बुरशीला सावली नसते. काही केसांत अडकले होते, काही खांद्यावर होते, एक मिशीवर. शेजारच्या माणसांवर एकही नव्हता. हे काय आहे ते मला उमजेना, आणि मी खाली जाऊन आईला हाक मारली.

आई कठडा धरून पायरीगणिक थांबत वर आली. घरात वस्तू येण्याला बंदी होती, आईने वस्तूकडे जाण्याला नव्हती. मैत्रिणीने खुर्ची अगदी पडद्याजवळ ओढली. मी चेहरा मोठा करून ठेवला होता, तरी तो तिला एका दमात सापडला नाही. ती मान इकडून तिकडे फिरवत शोधत होती, मांडवाचा खांब, कुणाचा तरी फेटा, कुणाचा कान. मग मान थांबली.

मला भीती वाटली की ती आताही विचारणार, हा कोण होय. आमच्या दोघींच्या चार डोळ्यांना दिसलेलं तिच्या डोळ्यांना दिसतंय की नाही, हेही कळत नव्हतं.

"हासून राहिले," आई म्हणाली.

"हो."

"अन् हे तांदूळ?"

"कोणते तांदूळ?"

तिने बोट पुढे केलं. काच आहे, हात लावू नको असं सांगायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं. तिचं बोट बाबांच्या केसांवर, खांद्यावर, मिशीवर फिरलं. "अक्षता होत ना ह्या. मीच मारल्या होत्या."

मग तिने सांगितलं. काकाचं लग्न लागलं होतं. आधी पुरुषांचा फोटो, मग बायकांचा, म्हणून बायका बाजूला रांगेने उभ्या होत्या. तिच्या मुठीत थोड्या अक्षता उरल्या होत्या. "फोटोवाला म्हणे, हालू नका, हासू नका. हे तं पुतळ्यासारखे. मंग मी मारल्या मूठभर, नेम धरून."

"सगळ्यायच्या देखत?"

"मंग काय? नवरा माहा होता," आई म्हणाली. "सासूबाई रागावल्या. हे हासले."

मी आणि मैत्रीण दोघीही हसत होतो, आणि दोघींचे डोळे वाहत होते, आणि मला त्याची जराही लाज वाटत नव्हती. म्हणजे ते डावीकडे, फोटोच्या बाहेर, तिच्याकडे पाहत होते. जे मी दोनदा पुसायला निघाले होते ते तिने त्यांच्या अंगावर टाकलेले तांदूळ होते. मी विचारलं, फोटो साफ करताना हे ठेवू की काढू.

"हात लाव तं खरी," आई म्हणाली.

मैत्रिणीने तिला कोपऱ्यातला मेलेला ठिपका सांगितला, परत करायचा का म्हणून विचारलं. आईला तो दिसला नाही, तो कुठे आहे ते आम्ही बोट धरून दाखवलं. "राहू द्या," ती म्हणाली. "तीट होय. दृष्ट लागाची नाही." चीनच्या विक्रेत्याला मी त्याच दिवशी पाचपैकी पाच तारे देऊन टाकले.

पितृपक्ष संपेपर्यंत मी वरच काम केलं. मैत्रिणीच्या टेबलावर, बुद्धाच्या तसबिरीसमोर बसून माझ्या पितराची कॉलर नीट केली, कपाळावरून गेलेली कागदाची घडी काढली. बाकी काही केलं नाही. आई रोज दुपारी वर यायची, खुर्ची ओढून बसायची, मान फिरवून त्यांना शोधायची आणि सापडले की मैत्रिणीचा चहा प्यायची. सर्वपित्री अमावास्येला तिने कावळ्यासाठी घासाची वाडी ठेवली, ती कावळ्याने लगेच उचलली आणि आई म्हणाली, यंदा पोट भरून गेले.

घट बसले त्या दिवशी मॉनिटर खाली आला. तो आणायला दादा स्वतः आला होता. ज्याच्या खोक्यात वीट निघणार होती तो मॉनिटर पोटाशी धरून तो एकेक पायरी पाय चाचपत उतरत होता आणि मला ओरडत होता, "सरक वं, सरक." मैत्रीण त्याच्या मागून वायर धरून उतरली. आई उंबरठ्यात ताट घेऊन उभी होती, दिवा, हळद-कुंकू, अक्षता. मी तिला बजावून ठेवलं होतं की कुंकू स्टँडला लावायचं, पडद्याला ओला हात लागता कामा नये, ती काच फार नाजूक असते. तिने हो म्हटलं होतं.

टेबलावर ठेवून मी तो चालू केला आणि अख्खा फोटो लावला, सगळं अंगण, वीसही माणसं, कोंबडीसकट. मोठं करून दिलं नाही. आईने स्टँडला कुंकू लावलं. मग ताटातल्या अक्षता मुठीत घेतल्या आणि मान फिरवायला लागली. पुढची रांग, मागची रांग. दादा म्हणाला, "आई, डावीकडून..." मी त्याला चूप केलं.

मान थांबली. आईने हात मागे नेला आणि नेम धरून मारल्या.